टपालपेटीपाशी वळलेली गाडी

माझ्या पिकअपच्या टायरांचा पार गोटा झाला होता आणि ही गोष्ट गावात माझ्याआधी सगळ्यांना ठाऊक होती. आमच्याकडे माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी टायर बघतात. मागच्या हिवाळ्यात खाणीच्या चढावर माझी गाडी अर्ध्यावर गेली आणि तिथून जी उलटी घसरत आली, ती थेट हुल्डा कोस्केलाच्या कुंपणात. हुल्डा माझी एकुलती एक शेजारीण. तिनं ते सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी पिताना अख्ख्या गावाला हातवारे करून दाखवलं. माझ्या तोंडाचा 'आ' कसा झाला होता, तेसुद्धा.

त्या चढापलीकडे हॅनकॉक गाव, आणि हॅनकॉकात माझा धाकटा भाऊ सुलो. गेलं वर्षभर कुणीही विचारलं, "काय ओइवा, सुलोकडे गेला होतास की नाही?" की माझं उत्तर तयार असायचं. "या टायरांवर? मरायला?"

खरं कारण वेगळं होतं, तेही गावाला ठाऊक होतं. सुलोनं म्हातारपणी दुसरं लग्न केलं. बाई चांगली आहे, बर्निस नाव. पण तिच्या घरात वाफेनं घाम काढायचा साउना आहे, तो विजेचा. भिंतीतलं बटण दाबायचं, लाल दिवा लागतो, आत जाऊन बसायचं. ना लाकूड, ना धूर, ना राख. लग्नाच्या जेवणानंतर तिनं मोठ्या कौतुकानं मला तो दाखवला. मी आत डोकावून म्हणालो, "छान आहे. पाव कुठे ठेवायचे?"

बर्निसचा चेहरा पडला. सुलोचा लाल झाला. मी काय खोटं बोललो, सांगा! टोस्टरला टोस्टर म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? पण शब्दानं शब्द वाढला, आणि सुलो म्हणाला, "आता तुझ्या त्या काळ्या खोपटात तू एकटाच बस." तेव्हापासून मी एकटाच बसतोय. आमच्या बापानं बांधलेला लाकडाचा साउना आहे, दर शनिवारी आम्ही दोघं त्यात बसायचो, पोरवयापासून. सुलोची पहिली बायको गेली त्या आठवड्यातसुद्धा बसलो होतो. आता शनिवारी मी एकट्यासाठी चूल पेटवतो, तापलेल्या दगडांवर एकट्यासाठी पाणी टाकतो, आणि वाफ उठली की सवयीनं म्हणतो, "फार झालं का रे?" कुणी बोलत नाही. मग मी भराभर अंग धुऊन बाहेर येतो. घर खायला उठतं म्हणतात ना, माझा साउनाही उठायला लागला होता.

यंदा नोव्हेंबरातच तळ्यावरून बर्फ यायला लागला, तेव्हा मी ठरवलं की टायर घ्यायचेच. नवे कोण घेतो! मी आर्लीन पेल्टोनेनच्या दुकानात गेलो. तिचा बाप टायर रिमोल्ड करायचा, आता ती करते. आतला सांगाडा जुना, वर नवं रबर चढवलेलं. त्या रबरात ती अक्रोडाच्या टरफलांचा आणि काचेचा चुरा घालते. तो बर्फात असा रुततो की विचारू नका.

"या, या," आर्लीन हात पुसत म्हणाली. "हुल्डाचं कुंपण तुम्हीच मोडलंत ना?"

"कुंपण आधीच मोडकं होतं. टायर दाखव."

तिनं चार टायर भिंतीला टेकवून उभे केले. आता टायर कसा घ्यायचा हे मला कुणी शिकवायला नको. लोक येतात, वरची नक्षी बघतात, "वा, किती खोल," म्हणतात आणि पैसे मोजून जातात. अरे, नक्षी काय बघायची, ती साच्यातून निघते! मी नक्षीकडे ढुंकून बघत नाही. मी टायर आडवा पाडतो, आत हात घालून चाचपतो, कुठं ठिगळ आहे का, तार टोचते का, बाजूला फुगवटा आहे का. बोटांनी वाजवून आवाज ऐकतो. आर्लीन बाजूला उभी राहून हसत होती.

"झाली का तपासणी, डॉक्टर?"

"हा चालणार नाही. बाजूला चीर आहे."

"ती चीर नाही, खडूची रेघ आहे. मीच मारलीये."

मी थुंकी लावून पुसली. खडूच होता. "मग ठीक आहे," म्हणालो.

तिनं गाडी जॅकवर चढवली. जुने टायर काढून एका कोपऱ्यात भिरकावले, त्यांचे सांगाडेही नाहीत धड, म्हणाली. मी स्टोव्हपाशी बसून तिची पातळ कॉफी पीत राहिलो. काम संपल्यावर ती पाना कमरेला खोचून माझ्यासमोर उभी राहिली.

"झालं. आता या टायरांवर तुम्ही खाणीचा चढच काय, चर्चचा कळससुद्धा चढाल. मग?"

"मग काय?"

"मग सुलोकडे न जायला आता काय कारण सांगणार?"

"गाडीचे वायपर बघतो आता," म्हणालो. ती एवढ्या मोठ्यानं हसली की मागचं कुत्रं भुंकायला लागलं. मी गाडीत बसलो. चढापाशी आलो. डावीकडे वळलं की हॅनकॉक, उजवीकडे घर. मी उजवीकडे वळलो. टायर मात्र झकास होते, ते खरं.

घरी येताना बारीक बर्फ पडत होता. मी माझ्या नेहमीच्या पद्धतीनं आलो. हिवाळ्यात पुढच्या फाटकातला बर्फ मी काढत नाही, कंबर कोण मोडून घेणार? गाडी टपालपेटीपाशी न्यायची, काच खाली करून बसल्या बसल्याच टपाल काढायचं, गाडी वळवायची आणि खालच्या वाटेनं, साउनाच्या बाजूनं, शेडमध्ये लावायची. बापही असंच करायचा. हात आपोआप करतात, डोक्याला त्रास नाही. टपालात एक बियाणांची जाहिरात होती, बाकी काही नाही.

शुक्रवारी सकाळी आकाश निवळलं होतं. सरकारची बर्फ सारणारी गाडी पहाटे खडखडत गेली होती. तो ड्रायव्हर दरवर्षी माझ्या टपालपेटीचा खांब पाडतो, म्हणून मी बूट चढवून फाटकापर्यंत चालत गेलो. खांब उभा होता. पण पेटीसमोरच्या बर्फात टायरांच्या खुणा होत्या, आणि त्या माझ्या नव्हत्या.

हे सांगायला हवं, की बर्फातली खूण वाचणं आमच्याकडे पेपर वाचण्यासारखं आहे. दारात कोण आलं, किती वेळ थांबलं, हे घरी नसलो तरी कळतं. माझ्या गाडीची खूण मी झोपेत ओळखीन, दोन्ही कडा झिजलेल्या आणि मध्ये एक पुसट पट्टा. हुल्डाची गाडी छोटी, टपालवाल्याची त्याहून अरुंद. ही खूण रुंद होती, पिकअपचीच, नवी कोरी नक्षी, नागमोडी, कडेला खाचा. रस्त्यावरचं सगळं त्या सारणाऱ्या गाडीनं पुसून नेलं होतं, पेटीसमोर तेवढी उरली होती.

मी खाली बसून नीट पाहिलं. गाडी आली. पेटीपाशी थांबली, थांबली ती बराच वेळ, कारण चाकाखालचा बर्फ वितळून पुन्हा गोठला होता. माणूस उतरला नाही. एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. मग गाडी वळली आणि निघून गेली.

माझ्या दारापर्यंत येऊन, गाडीत बसून, न उतरता परत जाणारा माणूस या जगात कोण असेल? मी तिथंच बर्फात उकिडवा बसून राहिलो. माझे डोळे भरून आले, थंडीनं नव्हे.

घरात आलो तो धावतच. फोनवर सुलोचा नंबर फिरवला. बोटांना तो अजून पाठ होता. बर्निसनं उचलला.

"सुलो आहे का?"

"कोण बोलतंय म्हणून सांगू?"

"टोस्टरवाला म्हणावं."

पलीकडे काहीतरी आपटलं. मग सुलोचा आवाज आला, जपून, वकिलाशी बोलावं तसा. "काय रे?"

"काय रे काय, गाढवा!" मला माझाच आवाज ओळखू येईना. "लाज नाही वाटत? दारापर्यंत यायचं आणि चोरासारखं वळून जायचं? पाय मोडले होते का तुझे? कॉफी होती घरात, वेलची घातलेला नीसू पाव होता कालचा, तो काय मी खिडकीला खाऊ घालू? नवे टायर घालून मिरवत आलास आणि उतरायला जीव जातो होय रे तुझा? बैल कुठला! आई असती तर कान धरून आत आणला असता तुला. लहानपणापासून असाच तू, पाण्यापर्यंत जायचं आणि पाय भिजवून परत यायचं. भित्रा! आडमुठा! बेशरम!"

मी श्वास घ्यायला थांबलो.

"ऐकतोयस का?"

"ऐकतोय," सुलो म्हणाला.

"आला होतास की नाही?"

बर्निसच्या घड्याळाची टकटक मला ऐकू येत होती.

"आलो होतो," तो म्हणाला.

"मग?"

"दिवा नव्हता. म्हटलं झोपला असशील."

"दिवसाउजेडी?"

"म्हातारा झालास. काय सांगावं!"

"मी म्हातारा? तू काय पाळण्यात आहेस? उद्या शनिवार आहे. मॅपलची वाळकी लाकडं आहेत. मुकाट्यानं ये."

"येतो," तो म्हणाला.

फोन ठेवला आणि जीव भांड्यात पडला. मी घर झाडलं. साउनातली फळी घासून काढली, वरची, सुलो बसतो ती. वाफेत अंगावर मारायची बर्चच्या फांद्यांची जुडी उन्हाळ्यात बांधून ठेवली होती, ती पाण्यात भिजत घातली. किती दिवसांनी मी शीळ वाजवत होतो, आणि तीही बेसूर.

शनिवारी सकाळी वाटलं, सुलोला मटणाचं सॉसेज आवडतं, दुकानातून आणावं. शेडमधून गाडी मागं काढली आणि दार लावायला उतरलो. समोर बर्फात खूण होती. रुंद, नागमोडी, कडेला खाचा.

आधी मला वाटलं, सुलो इथपर्यंतही आला होता! इतका मी खुळा. मग ती खूण डोळ्यांनी पुढं पुढं नेत गेलो, तर ती माझ्याच गाडीच्या चाकाखाली जाऊन संपली.

मी कपाळावर हात मारला. चाकापाशी वाकलो, हातमोजा काढून नक्षीत बोट घातलं. काचेचा चुरा बोटाला खरखरला. सांगाडे तपासले होते मी, एकूण एक ठिगळ चाचपलं होतं, आणि नक्षी? नक्षी काय बघायची! टपालपेटीपाशी आलेला, न उतरता थांबलेला, वळून गेलेला माणूस मीच होतो. बियाणांची जाहिरात चाळत थांबलो होतो मी तिथं. मला भेटायला कुणी आलं नव्हतं.

हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी शेडच्या दाराला धरून उभा राहिलो. हुल्डाची खिडकी दिसत होती. बघत असेल तर बघू दे, म्हटलं.

मग डोक्यात दुसरी गोष्ट शिरली आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. सुलो आला नव्हता. मग तो 'आलो होतो' का म्हणाला? त्याला माझी कीव आली, दुसरं काय! बिचारा ओइवा, एकटा राहून डोकं फिरलं, स्वतःच्या दारात भुताटकीच्या गाड्या बघतो. बर्निसनंही मान हलवली असेल. म्हणाली असेल, जा ना एकदा, बघून ये त्याला. तिडीक गेली माझ्या डोक्यात. कीव करायला कुणी यायची गरज नाही माझ्या घरी. फोन करून 'येऊ नकोस' म्हणावं म्हणून आत गेलो. फोन उचललाही. पण नंबर फिरवायला बोट उचलेना. कीव तर कीव, पण फळीवर माणूस तर बसेल, असं वाटलं, आणि असं वाटल्याचा आणखी राग आला.

सॉसेज आणलं. चूल पेटवली.

दुपार कलल्यावर सुलोची गाडी खालच्या वाटेनं आली. मी साउनाच्या दारात उभा होतो. तो उतरला, वाळला होता जरा. हातात झाकलेलं भांडं होतं. "बर्निसनं पॅस्ट्या पाठवल्यात, मांस-बटाटा भरून भाजलेल्या," तो म्हणाला. "आणि विचारलंय, त्या कुठे ठेवायच्या."

"चांगली आहे की बाई," मी म्हणालो.

तो माझ्या पिकअपजवळून येत होता. चालता चालता थांबला. माझे टायर पाहिले, मग बर्फातली खूण पाहिली. तोही आमच्याच बापाचा मुलगा, त्याला वाचायला किती वेळ लागणार? मान खाली घालून पुढं आला आणि बूट काढायला लागला.

आत बसलो. तो वरच्या फळीवर, त्याच्या जागी. मी दगडांवर पाणी टाकलं, वाफ फुसफुसत वर गेली. त्यानं डोळे मिटले आणि असा काही श्वास सोडला की मला बोलायचं होतं ते दोनदा गिळावं लागलं. तिसऱ्यांदा गिळता आलं नाही. माझा स्वभावच तसा.

"तू आला नव्हतास."

"नाही," डोळे न उघडता तो म्हणाला.

"मग आलो होतो का म्हणालास? कीव आली माझी? येडा झालो वाटलं?"

"पाणी टाक अजून."

"आधी सांग."

तो उठून बसला. कोपरं गुडघ्यांवर टेकवली. वाफेत त्याचं तोंड नीट दिसत नव्हतं.

"बर्निस फार भली आहे, ओइवा," तो म्हणाला. "कधी आवाज चढवत नाही. माझ्या हातून बशी फुटली तरी 'असू दे' म्हणते. शेजारीपाजारी सगळे 'मिस्टर निएमेला, कसे आहात' म्हणतात आणि उत्तर ऐकायच्या आत पुढं जातात. मी भल्या माणसांत राहतोय रे. वर्षभरात मला कुणी गाढव म्हटलं नाही. त्या घरात मी असतो, नसतो, कुणाला काही फरक पडत नाही. काल फोन घेतला आणि तू पहिली शिवी घातलीस." त्यानं तोंडावरचा घाम पुसला. "खुर्चीत बसलो. तू चिडला होतास, म्हणजे खरंच चिडला होतास, मी आलो नाही म्हणून. 'मी नव्हतो तो' असं म्हटलं असतं, तर तू 'बरं' म्हणून फोन ठेवला असतास. मला पुढच्या शिव्या ऐकायच्या होत्या."

मी पळीनं पाणी घेतलं, पण टाकायचं राहूनच गेलं.

"आणि यायचं रोज मनात असायचं," तो म्हणाला. "तेवढं खोटं नाही बोललो. चढापर्यंत येऊन दोनदा परत गेलोय."

"टायर चांगले आहेत की तुझे."

"टायरांचं काय घेऊन बसलास!"

मग मी पाणी टाकलं, चांगलं पळीभर, आणि आम्ही दोघं खोकत, डोळे पुसत बसलो. वाफ होती ते बरंच होतं. सॉसेज चुलीवर भाजून खाल्लं, पॅस्ट्याही खाल्ल्या. "टोस्टरच आहे तो," जाता जाता सुलो म्हणाला. "पण तिच्यासमोर बोलू नकोस परत."

"आता नाही बोलत."

तो गाडीत बसला. इंजिन सुरू केलं आणि काच खाली केली. घरी बर्निस जेवायला थांबली होती, त्याला निघायलाच हवं होतं. मला वाटत होतं की त्यानं निघू नये, पण ते तोंडानं कसं म्हणायचं?

"जाताना एक घाल की," सुलो म्हणाला.

"काय?"

"शिवी. आठवडाभर पुरेल अशी."

मी तोंड उघडलं. आयुष्यभर माझ्या जिभेला हाड नव्हतं, आणि त्या क्षणी एक शिवी आठवेल तर शपथ. मी नुसता त्याच्या खिडकीला हात लावून उभा राहिलो, तोंड उघडं ठेवून, आणि तो वाट बघत राहिला.

"सापडली की फोन कर," तो म्हणाला, आणि माझा हात निघेपर्यंत काच वर करायला थांबला.